मातीनं मारलं, आळ लाकडावर

हिंगोली जिल्ह्यात कुणी परसात सुतारकामाची जागा बांधायला घेतली आणि सांगाडा लाकडाचा करणार म्हणाला, की पारावरचा प्रत्येक जण इंजिनिअर होतो. एक म्हणतो, लोखंडी अँगल उभे कर, वर पत्रे मार, चार दिवसांत मोकळा. दुसरा म्हणतो, थोडं कर्ज काढ पण स्लॅबच टाक, पुढंमागं वर खोली चढवता येईल. तिसरा पेपर वाचणारा असतो, तो किल्लारीचा भूकंप काढतो. आणि चौथा, ज्याच्या घरात पलंगापासून देवघरापर्यंत सगळं सागवानी आहे, तो झाडं वाचवायला सांगतो. ज्यानं आयुष्यभर लाकूड हाताळलं त्या सुताराला मात्र कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी चौघांपुढं तो बोलत नाही.

यातला किल्लारीवाला मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. म्हणून आधी तोच घेतो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची गावं झोपेत गाडली गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या मानानं हा मध्यम भूकंप, तरी हजारो माणसं गेली. त्यानंतर अख्ख्या मराठवाड्याच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं: जुनं घर, लाकडी खांब, लाकडी तुळया, आणि खाली दबलेली माणसं. चित्रात लाकूड आहे हे खरं, पण माणसं लाकडानं मारली हे त्यातून निघत नाही.

माळवद कसं असतं ते आठवा. चारी बाजूंनी दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या भिंती. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर, आणि सगळं मातीत बसवलेलं. दोन पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. आत दगडी उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचान, त्यावर पाला आणि त्यावर पांढरी माती. ही माती दर पावसाळ्याआधी थोडी थोडी वाढत जायची. आजोबांनी टाकलेल्या थरावर बापाचा थर, त्यावर मुलाचा. तीन पिढ्यांत छत दीड-दोन फुटांपर्यंत जाड झालेली घरंही होती. उन्हाळ्यात आत गारवा, म्हणून तक्रार कुणाची नव्हती.

जमीन हलली तेव्हा भिंतींचे पदर सुटले आणि दगड ढासळले, काही आत, काही बाहेर. ज्या घरांत छताचं ओझं थेट भिंतीवर होतं, तिथं मातीचा ढीग खाली आला. पण काही घरांत भिंती चारी बाजूंना पडल्या आणि मध्ये खांब-तुळयांचा सांगाडा माती डोक्यावर घेऊन उभा राहिला. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी याची नोंद केली आहे. तो सांगाडा आडव्या धक्क्यासाठी कुणी बांधलेलाच नव्हता. त्याला तिरके टेकू नव्हते, खांब उथळ्यावर नुसते टेकलेले होते. तरी जिथं तो टिकला तिथं त्यानं माणसं वाचवली. या सगळ्या प्रकरणातला आरोपी शोधायचा तर तो मातीत बांधलेला दगड आणि छतावरची माती. साक्षीदारालाच आपण तुरुंगात टाकलं.

वजनाचा हिशेब कुणालाही कागदावर मांडता येईल. बारा बाय वीस फुटांची जागा धरा. घरच्या सुतारकामाला एवढी पुरते. क्षेत्र २४० चौरस फूट, म्हणजे बावीस चौरस मीटरांच्या थोडं वर. त्यावर फक्त एक फूट माती टाकली तर डोक्यावर साधारण साडेअकरा टन वजन आलं. पाच इंची स्लॅब टाकला तर सात टन. आणि लाकडी कैच्यांवर पत्रा मारला तर वळचणीसह सगळा पत्रा दीड-पावणेदोनशे किलो. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. हे गणित आठवीच्या पोराला कळतं, पण 'मजबूत म्हणजे जड' ही समजूत आपल्या हाडात इतकी मुरली आहे की ते पटत नाही.

आता कुणी म्हणेल, किल्लारी लातुरात आहे, हिंगोलीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पायाखाली आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात गेली काही वर्षं जमिनीतून आवाज येतात, हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि काही मिनिटांतच ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या आत पुन्हा ४.५. तेव्हा केंद्र कळमनुरी तालुक्यात होतं आणि धक्का नांदेड, परभणी, वाशिमपर्यंत जाणवला. मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्यात प्रशासनानं लोकांना काय सांगितलं, ते पत्रेवाल्यांनी नीट ऐकायला हवं: घरांच्या पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून टाका.

म्हणजे ज्या पत्र्याच्या शेडला आपण स्वस्त, सुटसुटीत आणि सुरक्षित म्हणतो, तिच्या डोक्यावर आपणच धोंडे मांडून ठेवले आहेत. का? तर खालचा सांगाडा वाऱ्याला पत्रा धरून ठेवण्याच्या लायकीचा नाही म्हणून. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो. तो उडू नये म्हणून दगड ठेवायचा, आणि जमीन हलली की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर. लोखंडी अँगल असतात पातळ, वेल्डिंग केलेलं असतं घाईत, पाया असतो फूटभर खड्ड्यात ओतलेल्या काँक्रीटचा. खालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळं दोन वर्षांत चारही खांब चार दिशांना पाहतात. नीट बांधलेली लोखंडी शेड चांगलीच असते, यात वाद नाही. पण जिल्ह्यातल्या किती परसांत ती तशी बांधलेली आहे, ते गावातून एक फेरी मारून पाहा.

पत्र्याशी माझं वैर नाही, भांडण खालच्या सांगाड्याशी आहे. वर पत्रा असू द्या. मग तो हुकांनी आणि स्क्रूंनी लाकडी आडव्या वाशांना घट्ट आवळा, खाली हातभर पोकळी सोडून तट्ट्याचं किंवा फळ्यांचं अस्तर द्या, आणि त्याच्या डोक्यावरचे दगड खाली घ्या. दगडांची गरजच उरत नाही.

इथं दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. माळवदाच्या आठवणीनं गहिवरणारा एक वर्ग आहे. शहरात राहतो, दिवाळीला गावी येतो आणि सवण्यातून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशाचे फोटो काढतो. त्याला वाटतं, पूर्वजांचं सगळं शहाणपणाचं होतं आणि आपण ते सिमेंटपायी घालवलं. साफ चूक. पूर्वजांचा सांगाडा शहाणपणाचा होता, छत नव्हतं, भिंत तर अजिबात नव्हती. तसाच दुसरा वर्ग मोबाइलवर परदेशी सुतारांच्या चित्रफिती पाहणारा. तिकडं बारा-बारा इंची ओक किंवा पाइनचे खांब, बर्फाचं वजन पेलायला केलेली छपरं. ते पाहून इथं कुणी बारा इंची सागवान मागायला निघाला तर त्याला सावकारच गाठावा लागेल. आपल्याकडं बर्फ पडत नाही. आपला प्रश्न ऊन, वारा, वाळवी, काळी माती आणि अधूनमधून हलणारी जमीन.

मग काय बांधायचं? चार कैच्या, आठ खांब. खांब पाच इंची चौरस, नऊ फूट उंच. त्यांना आडवं जोडणारी बारा फुटी लाकडं चार बाय सात इंचाची. लांबीच्या दोन्ही बाजूंना चार बाय सहाच्या तुळया. वर दुपाखी छप्पर: कैचीचे तिरके वासे चार बाय पाचचे, मधला उभा खांब, त्यावर तीन-इंची चौरस आडवे वासे. आणि जे आपल्या जुन्या घरांत कधीच नव्हतं ते, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तीन तीन फुटांचे तिरके टेकू, दोन्ही दिशांना. या टेकूंवाचून सगळा सांगाडा पत्त्यांच्या बंगल्यासारखा बाजूला कलंडतो. याचं एकूण लाकूड भरतं सुमारे बावन्न घनफूट. कापणीतली घट धरून साठ घ्या. सागवानाच्या हिशेबानं वजन एक टनाच्या आत.

जोडणी साळ आणि कूस घालून, लाकडी खुंटीनं अडकवलेली. कुणी म्हणेल, बोल्ट का नको? बोल्टही चालतात, पण लाकूड आडवं आकसतं आणि फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. वैशाखात लाकूड सुकलं की बोल्टभोवतीची पकड सैल होते, आणि दर वर्षी पाना घेऊन ते आवळत बसावं लागतं. खुंटी लाकडाचीच असते, जोडाबरोबर हलते. शिवाय नीट बसवलेला जोड धक्क्यात थोडा करकरतो, थोडा सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. काश्मीरमध्ये याच तत्त्वावर धज्जी देवारीची घरं बांधली जातात: लाकडी चौकट, मधे पातळ भरण. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात ती आजूबाजूच्या दगडी आणि कच्च्या काँक्रीटच्या घरांपेक्षा चांगली टिकली. पुढं पाकिस्तानच्या पुनर्वसन यंत्रणेनं बांधणीचा तो प्रकार अधिकृतपणे मान्य केला. आपल्याकडं किल्लारीनंतर गावंच्या गावं काँक्रीटच्या ठोकळ्यांत हलवली गेली. तेव्हाच लाकडी सांगाड्याला टेकू द्यायला शिकवलं असतं तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

पाया मात्र मुरमापर्यंत खणायचा. काळ्या मातीवर काहीही उभं राहत नाही, हे वसमतच्या शेतकऱ्याला मी शिकवणं म्हणजे आगाऊपणा आहे. जोतं दीड-दोन फूट वर घ्यायचं, त्याला काँक्रीटचा एक सलग पट्टा द्यायचा, आणि खांबाचा पाय दगडी उथळ्यावर ठेवून लोखंडी पट्टीनं त्या पट्ट्याला बांधून टाकायचा. जुन्या घरात खांब नुसता टेकलेला असायचा. इथं तो बांधलेला हवा. भिंती खालून तीन फूट विटांच्या, त्यावर हलक्या. आपल्याकडं तुराट्यांचा कूड होता. त्यावर दोन्ही बाजूंनी गिलावा केला की उत्तम. तो पडला तरी कुणाचा जीव जात नाही. तुराट्या नको असतील तर वेळूच्या कामट्या घ्या.

आता आग. लाकूड जळतं, आणि सुतारकामाच्या जागेत भुसा असतो, ही हरकत खरी आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला तो वरच्या लाकडी मजल्यांमुळंच. पण जाड लाकूड कसं जळतं ते समजून घ्यावं. बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाचं काही काळ रक्षण करतो. पाच इंची खांब आगीत हळूहळू बारीक होत जातो. उघडं पातळ लोखंड साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला पोचलं की त्याची निम्म्याच्या आसपास ताकद जाते आणि ते वाकतं, कुणाला सूचना न देता. आग लागते ती खांबाला नव्हे, तर लोंबणाऱ्या वायरीला, कोपऱ्यात साचलेल्या भुशाला, पॉलिशच्या चिंध्यांना. वायरी नळीतून घ्या, भुसा रोज झाडा, चिंध्या झाकणाच्या डब्यात टाका. पत्र्याच्या शेडमध्येही हे सगळं करावंच लागतं. तिथं कुणी करत नाही, एवढाच फरक.

वाळवीवर फार लिहीत नाही. जोतं वर, खांबाचा पाय दगडावर, जोत्याभोवती वाळवीचं औषध, आणि वर्षातून एकदा टॉर्च घेऊन खाली वाकून बघणं. जो हे करणार नाही त्याच्या स्लॅबच्या घरातल्या चौकटीही वाळवी खाते.

झाडं वाचवणाऱ्या चौथ्या गृहस्थांशी मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण ते स्वतःला नैतिक समजतात. साहेब, आपल्या जिल्ह्यात हळदीचा हंगाम येतो तेव्हा ठिकठिकाणी कुकर लागतात. हळद शिजते त्याच्या खाली काय जळतं? काडीकचरा जळतो, आणि बाभूळही जळते. बांधावरची बाभूळ एका हंगामात भट्टीत गेली तर तो व्यवहार. तीच बाभूळ पाण्यात मुरवून, सावलीत सुकवून सुतारानं खांब केला आणि तो साठ वर्षं उभा राहिला तर तो मात्र पर्यावरणद्रोह? वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. आपल्या बावन्न घनफुटांच्या सांगाड्यात चारशे किलोंवर कार्बन धरून ठेवलेला आहे. भट्टीत तो एका दुपारी आकाशात जातो. आणि ज्या सिमेंटला आपण पर्याय म्हणून पुढं करता, ते भट्टीत भाजूनच तयार होतं, दगडी कोळशावर.

सरकारनंही एकदा हीच चूक केली होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी घातली, झाडं वाचावीत म्हणून. योगायोग पाहा, तेच किल्लारीचं वर्ष. ती बंदी २०२० मध्ये उठवली गेली. मधल्या सत्तावीस वर्षांत दारं-खिडक्या ॲल्युमिनियमच्या आणि प्लास्टिकच्या झाल्या. बांधावर झाड लावणाऱ्याचा उत्साह मात्र मावळला, कारण ज्या लाकडाला गिऱ्हाईक नाही ते झाड कुणी का जपावं? झाड लावायला लाकडाची मागणी हेच कारण लागतं. शेतकरी बांधावर साग लावतो तो ऑक्सिजनसाठी नाही. मुलीच्या लग्नाला, घराला किंवा अडीनडीला तो तोडता येतो म्हणून लावतो.

कायद्याची बाजूही साफ आहे, लोक ती उगीच गूढ करतात. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार सागासारखं अनुसूचित झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. ती काढा. लाकूड हलवायला वाहतुकीचा पास लागतो, तोही काढा. यंत्रावर ओंडके चिरणं परवाना असलेल्या आरा गिरणीतच करून घ्या, घरी आरा यंत्र बसवायच्या भानगडीत पडू नका. आणि चिरीव लाकूड विकत घेणार असाल तर पावती जपून ठेवा. एवढं केलं की वन खात्याची भीती दाखवून लोखंडाचं कोटेशन पुढं सरकवणारा माणूस आपोआप गप्प होतो.

राहिला 'पक्कं' आणि 'कच्चं' हा घोळ. ग्रामपंचायतीत, बँकेत, पाहुण्यांत, सगळीकडं लाकडी म्हणजे कच्चं असं धरलं जातं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या व्याख्येत पक्क्या बांधकामाच्या साहित्यात सिमेंट, भाजलेली वीट, दगड, धातूचे पत्रे, कौलं यांच्या रांगेत लाकूड स्पष्टपणे येतं. देशाची मोजणी करणाऱ्या पाहणीला जे पक्कं वाटतं ते गावातल्या मध्यस्थाला कच्चं का वाटतं, याचं उत्तर सिमेंटच्या गोणीवर त्याला काय सुटतं ते विचारलं की मिळेल.

आणि हे सगळं घर नसून सुतारकामाची जागा आहे, हे विसरू नये. तिथं माणूस दिवसभर उभा राहून रंधा ओढतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो. उघड्या पत्र्याखाली दुपारी बारानंतर काम बंद पडतं, आणि पावसात तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. स्लॅबखाली रात्रीसुद्धा भट्टी. लाकडी कैच्यांवर उंच, अस्तर लावलेलं दुपाखी छप्पर आणि आढ्याजवळ हवा जायला फट असली की गरम हवा वरच्या वर निघून जाते. हवा खेळणं ही चैन नाही. लाकडाच्या बारीक धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. बंद शेडमध्ये तोंडाला फडकं बांधून सँडिंग मशीन चालवणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. उत्तरेच्या भिंतीत रुंद खिडक्या ठेवा, बाक त्यांच्याखाली. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, खुणेच्या रेघेवर सावली पडत नाही. दारं दोन पाखांची, समोरासमोर, म्हणजे दहा फुटी फळी बाकावरून सरळ बाहेर काढता येते आणि धुळीलाही वाट मिळते.

लाकडी सांगाड्याचा आणखी एक फायदा काम करणाऱ्यालाच कळतो. भिंतीवर, खांबावर, तुळईवर कुठंही खिळा मारता येतो. करवती, पटाश्या, किंकरी, गुण्या, ओळंबा, सगळं हाताला येईल अशा जागी टांगता येतं. तुळयांवर आडव्या फळ्या टाकल्या की वर लाकूड सुकवायचा माळा तयार होतो. पत्र्याच्या शेडमध्ये आत दव धरतं, पहाटे थेंब पडतात आणि महिनाभर न वापरलेल्या पटाशीवर गंज चढतो. मग तोच गंज काढत बसायचं.

"पण असं बांधणारे सुतार राहिलेत कुठं?" ही हरकत मला सगळ्यात जास्त टोचते. ज्या माणसाच्या आजानं बाभळीचा तुंबा कोरून त्यात बारा आरे बसवले, पुठ्ठे जुळवून वर लोखंडी धाव चढवली आणि ते चाक दगडधोंड्यांच्या वाटेवर वर्षानुवर्षं फिरलं, त्या माणसाला आपण साळ-कूस जमेल का म्हणून विचारतो! ट्रॅक्टर आले, तिफणी लोखंडाच्या झाल्या, बैलगाडीला टायर लागले. सुतार प्लायवूडच्या कपाटांकडं वळला. हात गेलेले नाहीत, काम गेलं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतार आहेच. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. अवजारं मिळाली, चांगलं झालं. ती ठेवायची आणि चालवायची जागा कर्जाच्या पैशातून उभी करणार असाल तर पहिलं बांधकाम स्वतःचंच करा. सुताराची जागा हीच त्याची पाटी. गिऱ्हाईक आत आलं की मान वर करून छप्पर बघतं.

खर्चाचं म्हणाल तर सागवान महाग आहे, नाकारत नाही. म्हणून सगळं सागवानच हवं असा हट्ट नको. उघड्यावर, ओलीत येणारे खांब आणि खालच्या तुळया सागाच्या. आतले वासे नीट मुरवलेल्या बाभळीचे किंवा निलगिरीचे. किंवा जुनं लाकूड घ्या. गावोगाव माळवदं पाडली जातात तेव्हा शंभर वर्षांच्या सागवानी तुळया घनफुटाच्या दरानं उचलल्या जातात आणि शहरात जाऊन महागडं फर्निचर होतात. लाकडाला आयुष्य नाही म्हणणाऱ्या मालकानंच तो सौदा केलेला असतो. त्या तुळया इथंच, जिल्ह्यातच खरेदी करा. त्या पूर्ण सुकलेल्या असतात, वाकायचं ते कधीच वाकून झालेलं असतं. खिळे मात्र चुंबक फिरवून एकूण एक काढा, नाहीतर पहिल्याच दिवशी करवतीचे दात जातील.

पाण्याचा मुद्दा कुणीच काढत नाही. आपल्याकडं बांधकाम निघतं ते सुगी उरकल्यावर, फाल्गुन-चैत्रात, म्हणजे नेमकं विहिरी तळाला जातात तेव्हा. स्लॅबला निदान आठवडाभर, खरं तर त्याहून जास्त दिवस, पाणी मारावं लागतं. टँकरच्या गावात ते मारलं जात नाही. मग वरून चकचकीत आणि आतून भुसभुशीत स्लॅब तयार होतो, आणि पाचव्या वर्षी सळया उघड्या पडतात. लाकडी सांगाडा जमिनीवर आडवा पाडून कापता येतो, जुळवता येतो, खुणा घालता येतात, आणि मग वीस माणसं लावून एका दिवसात उभा करता येतो. पाणी लागतं ते त्या वीस माणसांच्या चहाला.

शेवटची हरकत इंजिनिअरची: लाकडी बांधकामाच्या नकाशावर मी सही कशी करू, त्याचं गणित कुठं आहे? गणित आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या सहाव्या भागात लाकूड आणि बांबू यांचा स्वतंत्र विभाग आहे. लाकडी बांधकामाच्या रचनेसाठी आयएस ८८३ हे भारतीय मानक आहे. कमजोर दगडमातीच्या बांधकामाला भूकंपात कसं सावरायचं त्यासाठी आयएस १३८२८ आहे आणि त्यावर साल १९९३ छापलेलं आहे. यातलं काहीही गुप्त नाही. आठ खांब, चार कैच्या आणि सोळा टेकू यांचा हिशेब दोन संध्याकाळींत होतो. न जमल्यास सुताराला शेजारी बसवून घ्यावं. कोणतं लाकूड किती वाकतं, ते तो न बघता सांगेल.